तीन वीत, दोन बोटं

आईला जाऊन सात आठवडे झाले, तरी तिच्या शिवणखोलीतलं कापायचं टेबल कुणी आवरलं नव्हतं. टेबलावर बॉबिनचा कोट अर्धवट पडला होता. पाठ, पुढचे दोन भाग, कॉलर, सगळं कापून टाचलेलं. राहिल्या होत्या फक्त बाह्या. शेजारी निळ्या लोकरीच्या कापडाचा उरलेला तुकडा घडी करून ठेवला होता. तसं कापड आता मिळत नव्हतं. लेकीने दोन दुकानांत विचारून पाहिलं होतं.

बॉबिन ही लेकीची अकरा वर्षांची मुलगी. लहानपणी शिलाई मशीनच्या रिळासारखी, बॉबिनसारखी, घरभर गडगडत फिरायची, म्हणून आजीने ते नाव ठेवलं. नावं ठेवण्यात, दोन्ही अर्थांनी, आजीचा हात धरणारं कुणी नव्हतं. लेक वजनं-मापं पडताळणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली, त्या दिवसापासून ती 'मिलिमीटर' झाली. गल्लीने मात्र आजीचंच नाव 'भिंगरी' ठेवून फिटंफाट केली होती.

भिंगरी चहा उभ्याने प्यायची. निरोप जिन्यावरूनच ओरडून द्यायची. बसायची ती फक्त मशीनवर, आणि तेव्हाही पाय चालूच. टेप तिने कधी हातात धरली नाही. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत हात पसरायचा, विती मोजायच्या, वर उरेल तेवढी बोटं. मग वहीत नोंद: 'बाही तीन वीत, दोन बो.' बोटं हा शब्द पुरा लिहायलाही तिला सवड नसे.

दोन वर्षांपूर्वी तिने वहीतल्या जुन्याच मापावर लेकीला शर्ट शिवला, तो तोकडा झाला. बाही मनगटाच्या चांगली वर. लेक तो घालूनच शिवणखोलीत गेली. तिथे इस्त्रीवाला कपडे न्यायला आला होता आणि दोन गिऱ्हाइकं बसलेली होती. तिने सरळ सांगितलं, "आई, हल्ली तुझं माप चुकतं. टेप वापरत जा."

आई हातातलं कापड मांडीवर ओढून घेत म्हणाली, "माझी वीत जन्माबरोबर आलीय गं. तुझ्या टेपसारखी घरी विसरत नाही." सगळे हसले, लेकही हसली. पुढे हळूहळू गिऱ्हाइकं कमी झाली. आईच म्हणाली, पुष्कळ शिवलं, आता घरच्यांचंच शिवेन. लेकीला वाटलं, बरं झालं, दगदग संपली.

'हल्ली तुझं माप चुकतं' हे आपलं वाक्य आता तिच्या मनातून जात नव्हतं. आईचं माप खरंच चुकत होतं का, एवढं तिला कळायला हवं होतं. बॉबिनचा हात टेपने मोजून बाह्या कापता आल्या असत्या, पण आईने कोट वाढत्या अंगाचा कापला होता. वाढ किती धरली ते शेवटच्या वहीतच होतं, आणि तेही वितींत.

म्हणून तिने आईने शिवलेले आपले कपडे कपाटातून काढले. एकंदर तेरा निघाले. प्रत्येकाची नोंद जुन्या वह्यांत सापडली. बाह्या, पाठ, उंची मोजून तिने वितीची लांबी काढली. नोकरी लागली त्या वर्षीच्या शर्टात वीत निघाली एकवीस सेंटिमीटर. सहा वर्षांनी वीस. मग साडेएकोणीस, एकोणीस. तोकड्या शर्टात अठराला जेमतेम पोचलेली.

एका वर्षातले कपडे मात्र आपसांत जुळत होते. फरक दोन-तीन मिलिमीटरचा. चुकणारा हात असा चुकत नाही. माप चुकलं नव्हतं, वीत आखडत गेली होती.

मांडीवर ओढून घेतलेलं कापड तिला आठवलं. त्याखाली हात होता.

मग तिने शेवटची वही उघडली. 'बाही तीन वीत बॉ., दोन बो.' घाईत बोटं दोनदा लिहिली असतील. वीत साडेसतरा धरून तिने हिशेब केला आणि उरलेल्या तुकड्यावर खडूने रेघ मारायला गेली. कापड पुरेना. एकेका बाहीला सहा सेंटिमीटर कमी पडत होतं.

आईला उभ्या आयुष्यात कापड कमी पडलं नव्हतं. म्हणजे शेवटी शेवटी ती खरंच चुकली होती. आपलं वाक्य खरं ठरावं असं लेकीला मुळीच नको होतं.

बॉबिन दारात येऊन उभी राहिली. खडूची रेघ बघून म्हणाली, "एवढी लांब? ही माझी बाही नाहीच."

"आजीच्या वितीने हीच येते. हे बघ, तीन वीत."

बॉबिनने वहीत बोट ठेवलं. "बॉ. म्हणजे मी. आजीचा हात पुरता उघडायचा नाही ना. ती म्हणायची, तुझी वीत दे, ती तुझ्याबरोबर वाढतेय तरी."

"मला का नाही सांगितलंस?"

"आजीने सांगितलं होतं, मिलिमीटरला बोलू नकोस. कामधाम सोडून दुखणं मोजत बसेल."

लेकीला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच राहिलं. तिने ओल्या फडक्याने रेघ पुसली, तुकडा सारखा केला आणि बॉबिनला टेबलाजवळ बोलावलं. "हात नीट ताणून ठेव."

"ताणायचा नाही. आहे तसा ठेवायचा."

बॉबिनने हात ठेवला. एक वीत, दोन, तीन. तिच्या करंगळीच्या टोकाशी लेकीने खडूची खूण केली. खुणेपुढे जेमतेम कापड उरलं होतं.

"आणि दोन बोटं?"

"ती आजी स्वतःची ठेवायची," बॉबिन म्हणाली. मग आपल्या आईच्या हाताकडे बघून म्हणाली, "तुझी चालतील."

लेकीने खिशातली टेप काढून खिडकीत ठेवली. खुणेला लागून आपली दोन बोटं टेकवली. बोटांच्या पलीकडे कापडाची कड होती, शिलाईपुरती, जास्त नाही. तिने कात्री उचलली.