मुजीब वर घेतला का?

१६ जानेवारी २०२५, गुरुवार, सकाळचे साडेदहा. उमरग्याच्या एका मंगल कार्यालयात रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमासाठी एकशे ऐंशी खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेतली एक अजून रिकामी होती. ती फरिदाबींची. शेजारी त्यांचे पती चाँदपाशा हातातली टोपी फिरवीत बसले होते आणि राहून राहून दाराकडे पाहत होते. फरिदाबी येतात की नाही, यावर आज एका नावाचे भवितव्य ठरायचे होते.

ते नाव त्यांच्या मुलाचे. मुजीब नळदुर्गला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला होता. दिवेलागणीला मोटारसायकलवरून घरी येताना, येणेगूरच्या अलीकडे, कोणा ट्रकवाल्याने गाडी घसरू नये म्हणून चाकाला लावलेला आणि जाताना तसाच टाकून दिलेला दगड त्याच्या पुढच्या चाकाखाली आला, आणि मुजीब जागीच गेला. ट्रक कोणाचा, ते कधीच कळले नाही. चाँदपाशांनी स्वतः बत्तीस वर्षे ट्रक चालवला होता. दगड कसा विसरला जातो, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. पंक्चर निघते, उशीर झालेला असतो, क्लीनर चढतो आणि गाडी सुटते.

मुलाचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर त्यांनी बाभळीच्या लाकडाचा पाचरीसारखा ठोकळा तासला. त्याला आरपार भोक पाडले आणि जाड दोराने तो ट्रकच्या चेसीला, खालच्या सांगाड्याला, बांधला. चालक विसरला तरी ठोकळा गाडीमागे खडखडत येणार. रस्त्यावर उरणार नाही. ठोकळ्यावर त्यांनी पांढऱ्या रंगाने मुलाचे नाव लिहिले. ते पाहून इतर चालकांनी तसेच ठोकळे करून घेतले, तेही नावासकट. त्यांना वाटले, या वस्तूलाच मुजीब म्हणतात. वर्षभरात हमरस्त्यावर तोच शब्द रुळला.

चाँदपाशांना त्याचे बरे वाटे. फरिदाबींनी मात्र एकदा पेट्रोल पंपाजवळ एका चालकाची हाक ऐकली, “मुजीबला घाल चाकाखाली, अन् लाथ मारून दाब चांगला!” हातातली पिशवी टाकून त्या तिथेच मातीत बसल्या होत्या.

काल संध्याकाळी ट्रकचालक संघटनेचे अध्यक्ष भागवत घरी आले. आनंदात होते.

“भाभी, उद्या ठराव करतोय. सगळ्या गाड्यांना ठोकळा लागणार, अन् कागदावर नाव मुजीबच.”

“भागवतभाऊ, तुमच्या लेकाचं नाव द्या की. घाला त्याला चाकाखाली.”

भागवतांनी चहाचा कप खाली ठेवला. चाँदपाशा हळूच म्हणाले, “नाव गेलं तर ठोकळा बी विसरतील, फरिदा. नावानं याद ऱ्हाती.”

“माझी याद कमी पडली का तुमाला?”

अखेर चाँदपाशांनीच निवाडा केला. फरिदा आली तर नाव राहील. नाही आली तर खोडायचे.

सभागृहात स्वागताची भाषणे सुरू झाली तेव्हा चाँदपाशांना बसवेना. ते उठून बाहेर आले. अंगणात ट्रक ओळीने उभे होते आणि पहिल्याच ट्रकच्या मागच्या चाकाशी फरिदाबी उभ्या होत्या. शिवशरण नावाचा कर्नाटकातल्या आळंदकडचा चालक निघण्याच्या घाईत होता. या बाई कोण, हे त्याला ठाऊक नव्हते.

“हे काय वो बांधलंय?” फरिदाबींनी विचारले.

“मुजीब म्हणत्यात ह्याला, अम्मा. लाकूडच हाय, पण लई गुणाचं. म्या धा वर्षं दगडं लावली. किती रस्त्यावर सोडून आलो, त्या देवालाच ठावं. आता सोडीन म्हणलं तरी सुटत न्हाय. लेकरावानी मागंमागं येतंय.”

फरिदाबी खाली बसल्या. चाकाखालचा ठोकळा त्यांनी दोन्ही हातांनी ओढून काढला, पदराने त्यावरचा चिखल पुसला. अक्षरे दिसू लागली.

“ह्याला ‘चाकाखाली घाला’ म्हणू नका. ‘बसवा’ म्हणावं. अन् निघताना पहिलं ह्याला वर घ्या.”

शिवशरण हसला. “लाकडाला एवढा मान, अम्मा?”

“व्हय. घरी कुणीतरी वाट बघत असतंय.”

“तुमी कुणाच्या म्हणायच्या?”

“मी मुजीबची अम्मी.”

शिवशरणने चपला काढल्या. दोन्ही हात पुढे करून त्याने ठोकळा घेतला, दोर सोडून केबिनमध्ये स्वतःच्या आसनामागे ठेवला, आणि बराच वेळ गाडी सुरू केली नाही.

मुलगा गेल्यापासून फरिदाबींनी नवऱ्याला नेहमीची हाक मारली नव्हती. ‘ऐका’ एवढ्यावरच काम चालवत होत्या. आता मागे वळून त्या म्हणाल्या, “मुजीबचे अब्बा, चला. खुर्ची रिकामी दिसते लोकांना.”

चाँदपाशांच्या हातातली टोपी खाली पडली. ती उचलायला त्यांना वेळ लागला.

ठरावात त्या दिवशी एका वाक्याची भर पडली. गाडी सुटण्यापूर्वी क्लीनरला विचारायचे, ‘मुजीब वर घेतला का?’ आणि ‘घेतला’ हे उत्तर कानांवर आल्याखेरीज गिअर टाकायचा नाही.

वर्ष सरले तेव्हा भागवत पुन्हा घरी आले. या वेळी ते उंबऱ्यातच उभे राहिले.

“भाभी, नळदुर्ग ते उमरगा, सोडलेल्या दगडानं यंदा एक बी माणूस गेलं न्हाय. शून्य.”

“अल्लाचा शुकर,” फरिदाबी म्हणाल्या. मग पदराचे टोक बोटाला गुंडाळत त्यांनी विचारले, “अन् आपलं पोर गेलं त्या साली?”

उत्तर चाँदपाशांनी दिले.

“एक.”