सहाव्या टाकीचा क्रमांक

पाणीपुरवठ्याच्या सहाही टाक्यांचे, पाण्याची पातळी कळवणारे ट्रान्समीटर एकाच जोडतारेवर आणण्याचे काम माझ्याकडे होते. पूर्वी प्रत्येक टाकीची केबल वेगळी, आणि शेवटच्या टाकीला तर केबलच नव्हती. तिथे माझा धाकटा भाऊ पट्टीने पाणी मोजून फोनवर कळवायचा. टाकीखालच्या खोलीतच त्याचा संसार झाला आणि त्याची बायकोही तिथेच वारली. तार सुरू झाली की त्याची बदली गोदामात होणार आणि खोली कुलूपबंद होणार, हे आम्हा दोघा भावांनाही ठाऊक होते.

सामायिक तारेवर एक पथ्य असते. प्रत्येक ट्रान्समीटरला स्वतःचा क्रमांक द्यायचा. नियंत्रण कक्षातून ज्याचा क्रमांक पुकारला जाईल, त्यानेच उत्तर द्यायचे. मी सगळे क्रमांक टेबलावरच भरून, चिठ्ठ्या डकवून मग यंत्रे बसवली होती. तरीही पहिल्या चार टाक्या बोलल्या, पाचवी आणि सहावी गप्प.

मी सहावीची तार सोडवली. पाचवी लगेच बोलू लागली. म्हणजे सहावीच्या पोटातही पाचच क्रमांक होता. चिठ्ठीवर मात्र माझ्याच अक्षरात सहा. क्रमांक भरायचे हातयंत्र मी जेवताना धाकट्याच्या खोलीत ठेवले होते, आणि ते वापरायला त्याला मीच शिकवले होते.

मी खोलीत गेलो. तो स्टोव्हपाशी पाठमोरा बसला होता.

"काय दादा, मुकी झाली का तुझी यंत्रं?"

"मुकी नाहीत. दोघं एकदम बोलतायत."

"मग आपल्याच घरातली दिसतायत. आई ओरडायची ना, एकेकाने बोला रे!" तो हसला, पण वळला नाही. "वाटलं, आकडा येईना म्हटल्यावर ठेवतील माणूस."

"किती दिवस?"

"तिने लावलेल्या लिंबाला आत्ता कुठे फुलं आलीत रे."

सहावीच्या तारेत दोष आहे, असे मी सांगितले असते तर कोणी उलटून विचारले नसते. पण सहावीखाली वस्ती आहे. रात्री धाकटा झोपेत असताना टाकी भरून वाहिली, तर पाणी थेट घरांत शिरते. मी हातयंत्र उचलले.

"आण इकडे," तो म्हणाला. "तुझ्या हातून झालं तर जन्मभर तुलाच बोल लावत बसेन."

त्याने स्वतःच सहा हा क्रमांक भरला. मी तार जोडली. फोनवर नियंत्रण कक्षातला ऑपरेटर म्हणाला, "आली सहावी. सुटला बिचारा, रोजची चढउतार वाचली!"

धाकट्याने ते ऐकले. तो पट्टी घेऊन शिडी चढला, आणि बऱ्याच वेळाने वरून त्याचा आवाज आला, "तीन मीटर वीस. विचार त्याला."

मी विचारले.

"तोच आकडा आहे रे," मी खालून सांगितले.

तो उतरला. त्याने पट्टी कोरडी पुसली आणि सवयीप्रमाणे दारामागच्या खिळ्याला टांगली.