खाकरल्यावर उठायचं

धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी एका दुपारी सभागृहाची दारं बंद झाली आणि आमदारबाईंनी बाकाची कड घट्ट धरली. शिरगणती सुरू झाली होती. विधेयकाच्या बाजूचे सभासद ओळीने उठत, आपला आकडा मोठ्याने म्हणत आणि बसत. सरकार काठावर होतं. एक माणूस कमी पडला, की विधेयक आडवं.

सरकारी दवाखाने कंपनीच्या हाती द्यायचे, असं ते विधेयक. त्यात बाईंच्या तालुक्याचाही दवाखाना होता. तो उभा राहावा म्हणून खेटे घालण्यातच नवऱ्याची सारी आमदारकी झिजली होती. नवरा गेला आणि जागा बाईंकडे आली. खरं तर दिरांकडे. दीर पक्षाचे प्रतोद, कुणी कुठे मत द्यायचं ते सांगणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी मंत्र दिला होता, "वहिनी, मी खाकरलो की उठायचं. बाकी डोक्याला ताप नको."

तेव्हापासून बाई उठत आल्या होत्या.

आज सकाळी दिरांनी त्यांना जिन्यातच गाठलं.

"दादा असता तरी आज उठला असता."

"ते असते तर तुम्ही खाकरला असतात का, भाऊजी?"

दीर हसले. "जीभ बरी चालते. तिकीटवाटपाच्या वेळी चालवून बघा."

आकडे सरकत जवळ आले. शेजारचे मास्तर गुडघे धरून उठले, "छत्तीस" म्हणाले आणि बसले.

मागून खाकरणं आलं. बाईंचे पाय आपसूक हलले. त्यांनी ते बाकाखाली ओढून घेतले. पुन्हा खाकरणं, जरा मोठं.

मास्तर कुजबुजले, "बाई, डोळा लागला की काय?"

"नाही. जागी आहे."

सभागृह थबकलं. मग पलीकडचा चाचरत उठला. "सदतीस."

विधेयक पडलं. पुढच्या निवडणुकीत बाईंचं तिकीट कापलं गेलं, आणि दिरांनी बोलणं टाकलं.

पुढे छाती भरली तेव्हा दिरांना त्याच दवाखान्यात आणलं. बाई उशाशी स्टूल ओढून बसल्या. दोघंही छताकडे बघत राहिले.

दीर खाकरले.

बाई ताडकन उठल्या. पेला त्यांच्या ओठांशी नेला.

"आत्ता बऱ्या उठलात, वहिनी."

"पाणी प्या."

धाकटीचा मुलगा शाळेत जाऊ लागला त्या वर्षी, थंडी सरता सरता, दीर त्याच खाटेवर वारले.