विश्वासाची व्यक्ती

शनिवारी आईला पुरायचं होतं आणि तिचा आवाज काही इर्याच्या हाती लागत नव्हता.

आवाज होता. काही वर्षांपूर्वी आईनेच तो इर्याच्या फोनमध्ये भरून ठेवला होता. युद्धात सरहद्दीपलीकडे गेलेल्या करेलियातली गावं सोडून आलेल्या लोकांत मेलेल्या माणसासाठी विलाप म्हणायची रीत होती. त्याचं नाव घ्यायचं नाही. आडवळणाच्या लाडक्या शब्दांनी हाका मारत त्याला पलीकडे पोचवायचं. विलापाशिवाय गेलेलं माणूस वाटेत घुटमळत राहतं, असं आई मानायची. आई, म्हणजे म्हातारी ओक्सेन्या, ही त्या भागातली शेवटची विलाप म्हणणारी. तिने जन्मभर दुसऱ्यांना पोचवलं, तिला कोण पोचवणार? म्हणून स्वतःचाच विलाप भरून ठेवायला एका दुपारी तिने इर्याला फोन चालू करून द्यायला लावलं आणि खोलीबाहेर काढलं. मी असेपर्यंत ऐकायचं नाही, अशी वर तंबी दिली. इर्याने ती पाळली. साठी उलटली तरी आईची तंबी मोडायची छाती तिला नव्हती.

आई गेली त्याच्या आदल्याच आठवड्यात इर्या तळ्याच्या धक्क्यावर सतरंज्या धूत होती. दर उन्हाळ्यात धुते तशाच. वाकताना खिशातला फोन पाण्यात गेला. तिला फारसं वाईट वाटलं नाही, सगळं खात्यात साठलेलं असतं हे तिला ठाऊक होतं. नव्या फोनने पासवर्ड मागितला तेव्हा मात्र तिचं धाबं दणाणलं. इर्या नेमाने वागणारी बाई. पासवर्ड कुठे लिहू नका, सोपा ठेवू नका, असं सांगितलेलं तिने तंतोतंत पाळलं होतं. इतकं की तो आता तिलाही सापडेना. आठवेल ते घालून पाहिलं आणि खात्याला कुलूप लागलं. कंपनीच्या मदतीच्या फोनवरच्या माणसाने गोड आवाजात काही आठवडे लागतील म्हणून सांगितलं.

एकच वाट उरली होती. तुम्ही नेमलेल्या विश्वासाच्या व्यक्तीकडे कोड पाठवता येईल, असं पडद्यावर आलं, आणि खाली नाव होतं तुओवीचं.

तुओवी तिची थोरली बहीण. आईला कुओपिओच्या वृद्धाश्रमात ठेवायचं इर्याने ठरवलं, त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद होतं. आईला भेटायला एक मंगळवारी जायची, एक शुक्रवारी, म्हणजे चुकूनही गाठ पडू नये. अंत्यविधीची बोलणीही पाद्रीबाबांच्या मार्फत चालली होती, आणि बिचारे बाबा मध्ये पार पिचून गेले होते. अशा बहिणीला फोन करणं इर्याच्या जिवावर आलं. पण आई वाटेत घुटमळत राहील, हे तिला सहन होईना. तिने फोन लावला, काय झालं ते सांगितलं आणि कोड मागितला.

"कोड फोनवर कुणाला सांगायचा नसतो," तुओवी म्हणाली. तिची सगळी नोकरी बँकेच्या खिडकीत गेली होती आणि म्हाताऱ्यांना हेच वाक्य बजावून तिचा घसा बसला होता.

"अगं, मी इर्या बोलतेय."

"फसवणारे असंच म्हणतात."

"माझा आवाज ओळखत नाहीस तू?"

तुओवी म्हणाली, "ऐकून दिवस झालेत. ये इकडे. तोंड बघून सांगते."

इर्या गाडीत बसली ती धुसफुसतच. तुओवीच्या इलोमांत्सीपर्यंतच्या रस्त्याला जंगलाशिवाय सोबत नाही, त्यामुळे भांडायची भरपूर तयारी झाली. दारात तुओवी उभी होती. ती खूप वाळली होती आणि आईचा निळा स्वेटर घालून होती. इर्याने बूट काढले आणि तयारी केलेलं सगळं भांडण तिथेच राहिलं.

तुओवीने कॉफी ओतली, राईच्या पातळ पारीत भात भरून भाजलेल्या पिराक्का पुढे ठेवल्या. इर्याने नव्या फोनवर विनंती पाठवली. तुओवीचा फोन टेबलावर वाजला. तिने चष्मा लावला, पडदा पाहिला आणि फोन पालथा घातला.

"आधी एक सांग. माझं नाव का घातलंस?"

"तेव्हा आपण बोलत होतो."

"आणि नंतर? काढायला काय झालं होतं?"

विसरले, असं सांगायचं इर्याच्या अगदी ओठावर आलं होतं. "ते दर वर्षी विचारतात," ती म्हणाली. "ही व्यक्ती अजून तुमच्या विश्वासाची आहे का, म्हणून. मी दर वर्षी हो म्हणायची."

तुओवीने चष्मा काढून स्वेटरला पुसला. खूप पुसला. मग फोन सुलटा करून एकेक आकडा खिडकीत बसल्यासारखा स्पष्ट वाचला. खातं उघडलं.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग आईचा खोकला. मग तो सूर. दोघींनी लहानपणी कित्येक घरांच्या दाराआडून ऐकलेला, वरून खाली घसरत येणारा. दोन ओळी झाल्या आणि आई थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली.

"नाही जमत," आईचा आवाज म्हणाला. "स्वतःला हाका मारता येत नाहीत. हे मागे राहणाऱ्यांचं काम आहे. पोरींनो, तुम्हीच म्हणा. तुओवीला शब्द येतात, इर्याला सूर. एकेकटीने म्हणाल तर पार वाट लावाल." थोडा वेळ फोन चाचपल्याची खुडबुड आली. "इर्या! हे बंद कसं करायचं गं?"

तिथे ते संपलं. इर्याला रडू कोसळलं. एवढा आटापिटा केला आणि आईने काहीच ठेवलं नव्हतं. शनिवारी चर्चमध्ये वाजवायला काही म्हणजे काही नव्हतं. ती तसं म्हणालीही.

तुओवीने कॉफीचा कप बाजूला सारला, हात मांडीवर ठेवले आणि आकडे वाचले तशाच कोरड्या आवाजात म्हणाली, "मला उजेडात आणणारे, माझे पाळण्याचे हात..."

शब्द बरोबर होते. पण नुसतेच पडून होते. ती थांबली आणि बहिणीकडे बघत राहिली.

इर्याने डोळे पुसले, श्वास घेतला आणि तीच ओळ वरून धरली. दुसऱ्या ओळीला तुओवीचा आवाज फाटला, तेव्हा इर्याने सूर सोडला नाही.