होडीचं गाणं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत

अकरा वर्षांत त्या रेडिओ स्टेशनने चार वेळा कात टाकली होती. आधी जुनी गाणी, मग नवी, मग नाचायची, मग गाडी चालवताना ऐकायची. दर वेळी भिंतींचा रंग बदलला, दारावरची पाटी बदलली. दुपारचे निवेदक तेवढे टिकले. सगळे त्यांना ‘दुपारवाले’ म्हणत. बायको गेल्यापासून घरी त्यांना कुणी काहीच म्हणत नसे.

रोज दोन वाजून दहा मिनिटांनी स्टुडिओतला फोन वाजे.

“होडीचं गाणं लावता का हो?”

“यादीत नाही, बाई.”

“यादी कोण करतं?”

“वरचे.”

“वरचे म्हणजे देव?”

“देव असता तर हातापाया पडलो असतो.”

मग बाई हसत. त्या पडदे शिवत, आणि त्यांची जाऊ नऊ वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हती. दुपारवाल्यांचा गुडघा कसा आहे हे जगात त्या एकट्याच विचारत. चालू गाणं संपेपर्यंत, म्हणजे चारेक मिनिटं, हा संसार चाले.

होडीचं गाणं जुन्यांत नवं होतं, नव्यांत जुनं, नाचायला संथ, आणि गाडी चालवणाऱ्याला डुलकी आणणारं. चारही राजवटींत ते दाराबाहेरच राहिलं.

पाचवी राजवट मॅनेजरबाईंनी आणली. “सर, सोमवारपासून नुसती गाणी. मधे बोलणं नाही.”

“मग मी काय करू?”

“कॉम्प्युटरने काढलेली यादी तपासा. फोनही काढतोय. आता कोण फोन करतं?”



या धंद्यात एक रीत आहे. फॉर्मॅट बदलण्याच्या आदल्या दिवशी एकच गाणं दिवसभर वाजवत ठेवायचं. जुने श्रोते वैतागून पळतात, नव्यांना जागा होते. भाडेकरू हलत नसला की मालक पाणी तोडतो, तसं.

“रविवारचं गाणं तुम्हीच निवडा, सर,” मॅनेजरबाई मोठ्या मनाने म्हणाल्या.

रविवारी दुपारवाले इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि सकाळी सहाला त्यांनी होडी पाण्यात सोडली.

फोन खणखणू लागला. एक न्हावी ओरडला, “अहो, गिऱ्हाईक अर्धी दाढी ठेवून उठून गेलं!” दुपारवाल्यांनी त्याची माफी मागितली आणि घड्याळाकडे पाहिलं.

दोन-दहा झाले. फोन गप्प. त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. लाइन ठणठणीत होती. अडीच वाजता वाटलं, बाईंकडे वीज गेली असेल. तीनला वाटलं, बऱ्या नसतील. चारला फोन वाजला, तेव्हा गुडघा विसरून ते उठले.

“अरे, बुडव एकदाची ती होडी!” त्यांची थोरली बहीण होती.

“ताई, लाइन मोकळी ठेव.”

“कुणाचा फोन यायचाय?”

“कुणाचा नाही.”

सहाला टेलिफोनवाला पेचकस घेऊन आला. “पाच मिनिटं थांबता?” दुपारवाले म्हणाले. तो दहा मिनिटं थांबला, मग म्हणाला, “काका, रविवार आहे. मलाही घर आहे.”

तो भिंतीवरच्या फोनचे स्क्रू काढत असताना त्यांच्या डोक्यात उजेड पडला. बाईंना हवं ते मिळालं होतं. मिळाल्यावर फोन कशाला करायचा? अकरा वर्षं ‘नाही’ म्हणून त्यांनी ते माणूस राखलं होतं, आणि आज एका दिवसात शंभरावर वेळा ‘हो’ म्हणून बसले होते. बाईंचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. त्या जुन्या फोनवर नंबर दिसत नसे, आणि विचारायची कधी गरज पडली नव्हती. दोन-दहाला त्या असायच्याच.

सोमवारी टेबलावर नवी यादी आली. मॅनेजरबाई खुशीत होत्या. “सर, तुमच्या होडीची बरीच चर्चा झाली. घेतलंय गाणं. दुपारी दोन-दहाला, रोज.”

त्या गेल्यावर दुपारवाल्यांनी पेन्सिलीने होडीवर काट मारली. शेजारी कारण लिहायची जागा होती, तिथे लिहिलं: ‘श्रोत्यांना मागायला काही राहू द्यावं.’

मग दोन वाजून दहा मिनिटं होईपर्यंत ते भिंतीवरच्या स्क्रूंच्या दोन भोकांकडे बघत बसले.