फेर्मी आणि मेंढीचं नाक

फेर्मी सहासष्ट वर्षांचा आहे. चाळीस वर्षं त्याने गावात खाटकाचं दुकान चालवलं, मग ते पुतणीच्या हाती दिलं, आणि आता आठवड्यातले चार दिवस तो दगडांवरून मोटरसायकल चढवतो. उरलेले तीन दिवस गाडी दुरुस्त करतो.

आमच्या या खेळात वेगाला काडीची किंमत नाही. डोंगरात पट्ट्या बांधून वाट आखलेली असते. दगड, ओढे, झाडांची मुळं, जे काही वाईट सापडेल ते तिच्यात येईल अशी. त्या एवढ्याशा टप्प्यातून पाय जमिनीला न लावता गाडी बाहेर काढायची. पाय एकदा टेकला तर एक दोष, दोनदा टेकला तर दोन, त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी तीन. पडलात किंवा गाडी बंद पडली तर पाच. शेवटी ज्याचे दोष कमी तो जिंकला. गाडीला सीटसुद्धा नसते, कारण बसायचंच नसतं.

मी शाळेची बस चालवतो. दोन वर्षांपूर्वी या मंडळींत आलो तेव्हा मला वाटलं होतं, गाडी येते म्हणजे निम्मं काम झालं. पहिल्या रविवारी अकरा वेळा पडलो. तेव्हापासून प्रत्येकजण मला सल्ले देतो, आणि ते एकमेकांशी कधी जुळत नाहीत.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आमच्या क्लबाची वार्षिक स्पर्धा असते. बीच नावाच्या झाडांची पानं पिवळी झालेली, रात्रीच्या दवाने दगड निसरडे, आणि अळंबी गोळा करणारे लोक टोपल्या घेऊन आमच्याकडे रागाने बघत चाललेले. या वर्षी दहा टप्पे होते, प्रत्येक दोनदा करायचा. सातव्याचं नाव मेंढीचं नाक. ओल्या घळीतून वर यायचं, डावीकडे वळायचं आणि समोर कमरेएवढा गोल, गुळगुळीत खडक. तो चढलात की वर दोन मीटर गवत, मग टप्पा जिथे संपतो त्या शेवटच्या दोन खुंट्या.

फेर्मी एकोणीस वर्षं हा खडक चढत होता, आणि एकोणीस वर्षांत तिथे कधी कोरा, म्हणजे एकही दोष न घेता, गेला नव्हता. इतर टप्पे तो लोण्यातून सुरी फिरवल्यासारखा करायचा. मेंढीच्या नाकावर मात्र पाय टेकायचाच. आणि या वर्षी घाई होती. जानेवारीत त्याच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं. पुढे गाडीवर चढता येईल की नाही, हे डॉक्टरीणबाई सांगत नव्हत्या, फक्त "बघू" म्हणत होत्या.

त्यात चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा सातव्या टप्प्याची पंच म्हणून त्याच्या बायकोचं नाव निघालं. रेमेईने अदलाबदल करून मागितली, पण थंड ओल्या घळीत दिवसभर बसायला दुसरं कोण तयार होणार? ती घडीची खुर्ची, लोकरीचं विणकाम आणि प्रत्येकाच्या दोषांच्या कार्डाला भोकं पाडायचा चिमटा घेऊन सकाळी आठला जाऊन बसली.

पहिल्या फेरीत फेर्मीला तिथे तीन मिळाले. मला पाच. दुसऱ्या फेरीत आम्ही परत आलो तेव्हा साडेबारा झाले होते.

"आधी चालून बघ," फेर्मी मला म्हणाला. "सकाळचा दगड आणि आत्ताचा दगड एक नाही. चाळीस गाड्यांनी शेवाळ खरवडलंय. बघ, उजवीकडे काळा पट्टा दिसतो ना? तिथे चाक पकड घेईल."

"डावीकडून जा," मागून बालदिरी म्हणाला. बालदिरी गावचा प्लंबर. त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर असतं. "आणि मूठ पिळून गॅस दे. भरपूर."

"त्याचं ऐकू नकोस. हा नळसुद्धा गॅस देऊनच बसवतो."

"माझे नळ गळत नाहीत, फेर्मी."

"कारण तुझ्या नळांना पाणीच येत नाही."

फेर्मीने माझ्या मागच्या टायरवर अंगठा दाबला. "हवा फार आहे. अंगठा आत गेला पाहिजे, शिळ्या पावात जातो तसा नाही, ताज्या पावात जातो तसा." त्याने स्वतःच हवा काढली. "क्लचवर एकच बोट. गुडघे सैल. आणि बुटाच्या तळव्याचा चिखल काडीने काढ. फूटरेस्टवरून पाय सटकला की लोक म्हणतात नशीब वाईट. नशीब नाही, चिखल असतो तो."

मी काडीने बूट साफ केले, गेलो, खडकावर अडकलो, दोनदा पाय टेकून कसाबसा वर आलो. दोन दोष. माझ्यासाठी तो सण होता. रेमेईने मान वर न करता कार्डाला भोक पाडलं आणि ती म्हणाली, "छान. सकाळी तू झाडात होतास."

मग फेर्मी निघाला. केराल्त आमच्यातली सगळ्यात चांगली चालवणारी, एरवी लोकांच्या पाठी आणि मानेवर उपचार करते. ती फोन घेऊन चित्रण करायला उभी राहिली. मी खडकाच्या बाजूला, गाडी कोसळली तर धरायला.

घळीतून तो इतका हळू आला की चाकाखालची पानं एकेक करून चुरडताना ऐकू येत होती. डावं वळण घेताना गाडी आत झुकली, तो बाहेर झुकला. खडकाशी आला, पुढचं चाक उचललं, इंजिन एकदा गुरगुरलं, मागच्या चाकाने काळ्या पट्ट्यावर पकड घेतली. तो वर होता. शेवटच्या खुंट्यांमधून बाहेर पडला तेव्हा बालदिरीने टोपी काढून हवेत फेकली, ती ओढ्यात पडली.

"एक," रेमेई म्हणाली.

कुणालाच कळेना. फेर्मी गाडी वळवून खाली आला.

"काय एक?"

"एकदा पाय टेकला. खडकाच्या वरच्या कडेला, डावा."

"नाही टेकला," बालदिरी म्हणाला. "मी इथेच होतो."

"तू टोपी काढत होतास."

"रेमेई, अगं स्वतःचा नवरा आहे," मी म्हणालो.

"घरी आहे. इथे चौतीस नंबर आहे." तिने कार्ड पुढे केलं. एकाच्या रकान्यात भोक होतं.

फेर्मीने कार्ड घेतलं, खिशात टाकलं आणि पुढच्या टप्प्याकडे गेला. तिथे तो नेहमी कोरा सुटायचा, या वेळी त्याने तीन दोष घेतले.

दोन वाजता सगळे वरच्या चॅपेलपाशी जमलो. दगडी चुलीवर सॉसेज भाजले जात होते, मोठ्या कढईत घेवडा परतला जात होता, आणि पावाच्या कापांवर टोमॅटो चोळायला दोघांना बसवलं होतं. फेर्मी बाकाच्या एका टोकाला, रेमेई दुसऱ्या टोकाला. मधली मंडळी डिशा इकडून तिकडे देताना उगाच हळू बोलत होती.

"चित्रण आहे की," बालदिरीच्या लक्षात आलं. "केराल्त, दाखव. आत्ता निकाल लागेल."

सगळे फोनभोवती गोळा झालो. घळ दिसली, वळण दिसलं, खडकाशी गाडी आली, पुढचं चाक उचललं गेलं, आणि पडदा भरून बालदिरीची पाठ आली. तो "गॅस, गॅस" असं ओरडत पुढे वाकला होता. पाठ बाजूला झाली तेव्हा फेर्मी गवतावर होता.

"पुन्हा लाव," बालदिरी म्हणाला.

"पुन्हा लावून तुझी पाठ बारीक होणार आहे का?" केराल्त म्हणाली.

आम्ही चार वेळा पाहिलं. मग मलाच विचारलं. मी सगळ्यात जवळ होतो. खरं सांगायचं तर मी गाडीच्या हँडलकडे बघत होतो, पाय मला दिसलाच नव्हता. तसं मी सांगितलं, तर बालदिरी म्हणाला की बसचे आरसे जरा पुसून घे.

तेवढ्यात फेर्मीने हातातला पाव डिशमध्ये ठेवला.

"टेकला होता," तो म्हणाला. "बूट नुसता चाटून गेला. पण टेकला."

चुलीवर चरबी तडतडत होती.

"मग दुपारभर तोंड कशाला पाडून बसलायस?" बालदिरीने विचारलं.

"मला वाटलं, तिला दिसलं नसेल. आणि तिला दिसलं नसेल तर..." त्याने वाक्य सोडून दिलं. "एकोणीस वर्षं झाली. जानेवारीत हे कापणं-शिवणं आहे. मला वाटलं, एकदा मिळालं तर घ्यावं."

रेमेई टेबलाच्या त्या टोकावरून म्हणाली, "मला दिसलं नव्हतंच."

आता तोही तिच्याकडे बघायला लागला.

"मला ऐकू आलं. पाय टेकताना तू 'हूं' करतोस. खुर्चीत बसताना करतोस, बूट काढताना करतोस, रात्री कूस बदलताना करतोस. वजन कशावर तरी टाकलंस की हूं. बेचाळीस वर्षं ऐकतेय. खडकावर हूं झालं म्हणजे पाय टेकला."

केराल्त सगळ्यात आधी हसली. मग बालदिरी, मग सगळं टेबल, आणि शेवटी फेर्मीसुद्धा, डोळे पुसत. वाइनची लांब चोचीची बाटली फिरत होती. ती फेर्मीच्या हाती आली तेव्हा रेमेई उठून आली आणि तिने ती त्याच्या हातातून काढून माझ्याकडे दिली.

"तू नाही. तुला अजून जायचंय."

"कुठे?"

"पट्ट्या अजून काढलेल्या नाहीत. कार्डावर लिहिणार नाही. पण बसून बघेन."

"पोटात अर्धा किलो घेवडा आहे, रेमेई."

"मग वजन चांगलं पडेल मागच्या चाकावर."

आम्ही सगळे खाली गेलो, हातात पाव घेऊनच. वाटेत रेमेईने त्याला जे सांगितलं, ते मी मागून चालताना ऐकलं. इतक्या लोकांनी त्याला इतक्या वर्षांत इतकं सांगितलं असेल, पण हे कुणी सांगितलं नव्हतं.

"तू वळणानंतर श्वास धरतोस. वर चढेपर्यंत सोडत नाहीस. मग तो एकदम सुटतो आणि सगळं अंग ढिलं पडतं, आणि पाय जातो."

"चढताना माणूस श्वास धरतोच."

"केराल्त धरत नाही. ती च्युइंगम चघळते."

"मला दातांचा ब्रिज बसवलाय, च्युइंगम चिकटतं."

"मग बोलत जा. बोलणाऱ्याला श्वास धरता येत नाही. आणि बोलायला तुला कधी कुणी शिकवायला लागलं नाही."

"काय बोलू?"

"तुझं सॉसेजचं मिश्रण सांग. ते तू झोपेतही सांगतोस."

त्याने हेल्मेट घातलं. रेमेई खुर्चीत बसली, पण विणकाम हातात घेतलं नाही. मी पुन्हा खडकाच्या बाजूला उभा राहिलो. या वेळी बुटाकडे बघायचं, असं मी मनाशी पक्कं केलं. बालदिरीला केराल्तने दंडाला धरून मागे ओढलं.

घळीतून इंजिनाचा आवाज आला, आणि त्याच्यावर फेर्मीचा, हेल्मेटमधून घुमणारा.

"डुकराचं मांस, खांद्याचं, दोन किलो. मागचं नाही, खांद्याचं. चरबी एक किलो, पोटाची." वळण आलं. गाडी आत, तो बाहेर. "हाताने कापायची, यंत्रात नाही, यंत्रात घातली की पेस्ट होते. मीठ, किलोला अठरा ग्रॅम." पुढचं चाक उठलं. "मीठ आधी चोळायचं आणि अर्धा तास..." मागचं चाक काळ्या पट्ट्यावर आलं, थोडं घसरलं, मग घट्ट बसलं. त्याचा डावा बूट फूटरेस्टवर होता. मी बघत होतो. बूट हललासुद्धा नाही. "...अर्धा तास गार जागी ठेवायचं. मग मिरी."

तो खडकाच्या वर होता. दोन्ही पाय वर, हूं नाही, काही नाही. समोर दोन मीटर गवत आणि दोन खुंट्या.

"मिरी," तो म्हणाला. "मिरी किती घालतो आपण? रेमेई, मिरी किती?"

आणि उत्तर ऐकायला त्याने मान मागे वळवली. गाडी खोकली, बंद पडली, आणि तो गवतावर दोन्ही पाय टेकून उभा राहिला. खुंट्या हाताच्या अंतरावर होत्या.



"तीन ग्रॅम," रेमेई म्हणाली. "आणि पाच दोष."

बालदिरी खाली बसला. त्याला हसून हसून उभं राहवेना. फेर्मीने हेल्मेट काढलं, गाडी स्टँडला लावली आणि खडकाच्या डोक्यावर येऊन बसला, पाय खाली सोडून. मला वाटलं, चिडला असेल. तो हातमोजा काढून खडकावरून तळहात फिरवत होता, जनावर निवडताना पाठीवरून फिरवतात तसा.

"इसिद्र," त्याने मला विचारलं, "पाय?"

"नाही टेकला. खडकावर नाहीच. मी दुसरं काही बघतच नव्हतो."

"मलाही तसंच वाटलं." त्याने हातमोजा परत चढवला. "पाच चांगले आहेत. पाच घ्यायला हरकत नाही."

रेमेई खुर्ची घडी करून वर आली. त्याने तिला हात दिला आणि ती त्याच्या शेजारी बसली. खडक ओला होता, तिने स्कार्फ काढून खाली घातला. खालून पट्ट्या गुंडाळायचा आवाज येत होता. केराल्त एका टोकाला, बालदिरी दुसऱ्या टोकाला, आणि बालदिरी गुंता करत होता.

"पुतणी मिरी चार ग्रॅम घालते," फेर्मी म्हणाला.

"माहीत आहे. मीच सांगितलं तिला. लोकांना आवडतं."

"चाळीस वर्षं तीन घातली आपण."

"तू घातलीस. मी नंतर थोडी वरून टाकायचे."

त्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग उठला. मी पट्टीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. तो ती कोपराभोवती व्यवस्थित गुंडाळत घळीत उतरायला लागला, आणि उतरता उतरता मला सांगत होता की ओल्या दगडावरून चालतानाही गुडघे सैलच ठेवायचे.