बारावा फर्मा

वरचा आवाज तीन वाजून दहा मिनिटांनी थांबला, आणि खाली कटिंग मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला कळलं की काहीतरी चुकलं आहे. चहाची सुट्टी साडेचारला असे. त्याची बायको चहाच्या आधी थांबणाऱ्यातली नव्हती.

बाइंडिंगचा कारखाना दोन मजली होता. वर बायका छापील कागदांच्या घड्या घालत, खाली पुरुष शिलाई, डिंक आणि कटिंग बघत. मधल्या फळ्यांमध्ये गठ्ठे दोरीने खाली सोडण्यासाठी एक चौकोनी भोक होतं. त्या भोकातून गेली अकरा वर्षं त्याच्या बायकोचा आवाज खाली येत होता. मशीनच्या धडधडीत शब्द कळत नसत, पण चाल कळे. मारामारी चालली आहे की लग्न ठरतंय, एवढं त्याला चालीवरून ओळखू येई.

त्याने मशीन बंद केलं आणि जिना चढला. तिला कागदांच्या गठ्ठ्यावर डोकं टेकवून निजवलं होतं. कोणीतरी पदराने वारा घालत होतं. डॉक्टर आले, त्यांनी मनगट धरलं आणि थोड्या वेळाने अलगद खाली ठेवलं. हृदय, म्हणाले. तिचं तोंड किंचित उघडं होतं, बोलता बोलता कोणी हाक मारल्यासारखं.

तिथली वाचनाची पद्धत अशी होती. मोठ्या टेबलाभोवती पंधरा बायका बसत. त्यांतली एक स्टुलावर बसून मोठ्याने वाचे आणि उरलेल्या चौदा जणी आपलं काम करून तिच्या वाट्याच्या घड्याही घालत. त्यामुळे संध्याकाळी काम पंधरा जणींचंच भरे, आणि वरिष्ठांना बोलायला जागा राहत नसे. ही पद्धत त्याच्या बायकोनेच सुरू केली होती. “आयुष्यभर पुस्तकांच्या घड्या घालायच्या आणि आत काय आहे ते दुसऱ्यांनी वाचायचं? का म्हणून?” असं ती म्हणाली होती.

‘का म्हणून’ हा तिचा ठेवणीतला प्रश्न. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तो जेवायला बसला आणि म्हणाला, “माझं होऊ दे, मग तू बस.” तिने ताट हातात घेऊन विचारलं, “का म्हणून?” त्याला उत्तर सुचलं नाही. एकोणतीस वर्षं सुचलं नाही, आणि एकोणतीस वर्षं दोघं बरोबर जेवली.

तो दहा दिवसांनी कामावर आला. सुपरवायझर सदा हातात लाकडी पट्टी घेऊन फिरत, म्हणून त्यांचं नाव पट्टीसाहेब पडलं होतं. ते त्याच्या मशीनपाशी येऊन उभे राहिले.

“हात थरथरतोय तुमचा.”

“थंडी आहे.”

“पंखा लावून बसलाय आणि म्हणे थंडी. महिनाभर वर जा. फर्मे जुळवा. ब्लेडखाली बोट गेलं तर मला पुन्हा डॉक्टर बोलवायला लावाल.” एवढं बोलून ते वळले आणि पाठमोरेच म्हणाले, “रेडिओ नाही तर कारखान्यात करमत नाही हो.” तिला ते रेडिओ म्हणत.

एक मोठा छापील कागद घडी घालून सोळा पानांचा होतो, त्याला फर्मा म्हणतात. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा असतो. ते आकडे ओळीने लावले की पुस्तक होतं. चाळीस वर्षं त्याने असली पुस्तकं कापली. कामगारांच्या हक्कांवरचं एक जाडजूड पुस्तक दोन प्रकारचं बांधलं होतं, साहेबलोकांसाठी कापडी आणि सोनेरी कडांचं, इतरांसाठी साध्या पुठ्ठ्याचं. तेव्हा बायको म्हणाली होती, “समता कापडात जरा जास्त उठून दिसते, नाही?” तो पोट धरून हसला होता. ते पुस्तक मात्र त्याने वाचलं नव्हतं. एकही वाचलं नव्हतं. अक्षरं येत होती, पण बोट ठेवून वाचावं लागे, आणि बोट ठेवून वाचताना कोणी बघितलेलं त्याला आवडत नसे.

तो वर गेला तेव्हा स्टूल रिकामं होतं. तिच्या जागी कोणी नवीन आलं नव्हतं, तरी तिच्या वाट्याच्या घड्या रोज होत होत्या. उरलेल्या जणी त्या वाटून घेत. पट्टीसाहेब गठ्ठे मोजून पुढे जात.

टेबलाच्या टोकाला थोरली बसे. तिथली सगळ्यांत जुनी बाई. तिने त्याला फर्मे जुळवू दिले दोन दिवस, आणि तिसऱ्या दिवशी विषय काढला.

“भावोजी, पुस्तक कुठाय?”

“घरी. तिच्या पिशवीत.”

“मग आणा की. धुणंवाली केव्हाची गिरणीच्या फाटकात उभी आहे. पाय भरून आले असतील बिचारीचे.”

त्याला कळेना. तेव्हा थोरलीच्या शेजारी बसणाऱ्या चष्मेवालीने सांगितलं, की ही त्या कादंबरीतली धुणंवाली. गिरणीमालकाच्या घरचे कपडे धुते. गिरणीत संप झालाय, हिचा नवरा संपात आहे, आणि मालकाचा मुलगा चांगला की वाईट हे त्याचं त्यालाच ठरवता येत नाही.

“तुमच्यातलं कोणीतरी वाचा,” तो म्हणाला. “तुम्हाला येतं की.”

“ही वाचते,” थोरली चष्मेवालीकडे बघत म्हणाली. “पण गाड्यांचं वेळापत्रक वाचल्यासारखं.”

“आणि मी काय मोठा दिवा लावणार?”

“तिच्याबरोबर एकोणतीस वर्षं काढलीत. थोडंफार लागलंच असेल अंगाला.”

रविवारी दुपारी त्याने पिशवी उघडली. पुस्तक त्याने स्वतःच बांधलेलं होतं. छपाईत वाया गेलेल्या कागदांतून एकेक फर्मा निवडून, कुठे शाई फासलेली, कुठे कोपरा तिरका, असं करून त्याने तिला एक प्रत जमवून दिली होती. खूण एकोणिसाव्या फर्म्यात होती. त्याने सवयीने सगळं पुस्तक अंगठ्याखालून सोडलं आणि अंगठा मध्येच अडला. एकशे शहात्तराव्या पानानंतर एकशे त्र्याण्णवावं पान होतं. बारावा फर्मा नव्हता.

त्याला आधी रागच आला. त्याच्या हातचं पुस्तक, आणि फर्मा गळलेला? मग त्याने पुस्तक उजेडात धरून मध्ये बघितलं. तिथला दोरा त्याचा नव्हता. गाठ शिवणातली होती, बाइंडिंगची नव्हे. कोणीतरी शिलाई उसवून, एक फर्मा काढून, पुन्हा नीट टाके घातले होते. आणि तसे टाके त्याच्या तीन शर्टांच्या कॉलरवरही होते.

फर्मा तिच्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या पुडीखाली सापडला. तो खिडकीशी बसून बोट ठेवून वाचू लागला. सोळा पानांना दुपार गेली. बाराव्या फर्म्यात धुणंवाली तापाने मरते. मालकाचा मुलगा तिच्या खाटेशी गुडघे टेकून रडतो, तिचे भेगाळलेले हात कपाळाला लावतो, आणि उठतो तो गरिबांचा कैवारी होऊनच. फाटकासमोर भाषणही करतो. भाषण चार पानांचं होतं. धुणंवालीचं मरण दीड पानाचं.

समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘का म्हणून?’

तो बराच वेळ त्या दोन शब्दांवर बोट ठेवून बसला. अक्षर तिचंच, ‘ण’ला कमी बाक देणारं. मग त्याच्या लक्षात आलं, की बाराव्यात मेलेली बाई एकोणिसाव्यात फाटकाशी उभी आहे. म्हणजे मधले सात फर्मे बायकोने पुस्तकात नसलेली बाई वाचून दाखवली होती. आणि सोमवारी ते स्टूल त्याच्यासाठी मोकळं होतं.

आता आली का पंचाईत! खरं छापलेलं वाचावं, तर त्या चौदा जणींची धुणंवाली त्याच्या तोंडून मरणार, आणि बायको थापाडी ठरणार. नाही वाचावं, तर पुढे काय सांगणार? त्याला पट्टीसाहेबांची नक्कल करता येत नसे, मग गोष्ट रचणं दूरच. रात्रीचं जेवण त्याने एकट्याने उभ्याउभ्याच उरकलं. बसून एकटं जेवायला त्याला अजून जमत नव्हतं.

सोमवारी तो स्टुलावर बसला. फर्मा घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला होता. त्याने खुणेपासून वाचायला सुरुवात केली. बोट ठेवलं. कोणी हसलं नाही. एक पान झालं, दीड झालं. मालकाचा मुलगा बागेत फिरत होता आणि विचार करत होता. घड्या दाबायच्या हाडाच्या पट्ट्या कागदावरून सर्र सर्र फिरत होत्या.

“थांबा थांबा,” थोरली म्हणाली. “हे तर तुम्ही पुस्तक वाचताय.”

“मग काय वाचू?”

सगळ्या खदखदून हसल्या. तोही हसला, पण कशाला हसलो ते त्याला नीट कळलं नाही.

“धुणंवालीचं सांगा,” चष्मेवाली म्हणाली. “आणि तिच्या नवऱ्याचं. काय तो नवरा! चष्मा कपाळावर आणि घरभर शोधतोय.”

“पाव कापतो तर सगळे तुकडे एका मापाचे. जरा तिरका गेला की परत कापतो,” दुसरी एक म्हणाली.

“आणि रागावला की बोलत नाही, नुसता डब्यांची झाकणं घट्ट लावत सुटतो. मग हिला एक डबा उघडत नाही, आणि ती त्याच्याकडेच घेऊन जाते. झालं भांडण खलास!”

तो ऐकत होता. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. खाली मशीनवर त्याने या हसण्याच्या लाटा कितीदा ऐकल्या होत्या आणि त्याला वाटलं होतं, काय गमतीदार पुस्तक आहे.

“तो नवरा पुस्तकात नाही,” तो शेवटी म्हणाला.

“ठाऊक आहे,” थोरली म्हणाली. “चष्मा खाली घ्या, कपाळावर आहे.”

या वेळी हसणं बराच वेळ चाललं. भोकातून खालून कोणीतरी ओरडलं, “काय झालं गं वर?” हसू ओसरल्यावर त्याने खिशाला हात लावला. आता सांगायलाच हवं होतं. तिच्याबद्दल एवढ्या मायेने बोलणाऱ्यांना फसवत राहणं त्याला जमलं नसतं.

“एक सांगायचंय. ती धुणंवाली...”

“मेली,” थोरली म्हणाली. “बाराव्या फर्म्यात.”

त्याचा हात खिशावरच राहिला.

“अहो भावोजी, त्या फर्म्याच्या घड्या कोणी घातल्या? याच हातांनी. तीन हजार प्रती. तीन हजार वेळा तिच्या मरणावरून पट्टी फिरवली आम्ही. हिला उलट्या बाजूनेही वाचता येतं.” चष्मेवालीने मान डोलावली.

“आणि लेखकसाहेब आले होते ना एकदा, घड्या बघायला,” चष्मेवाली म्हणाली. “पांढरेशुभ्र कपडे. म्हणाले, हे पुस्तक तुमच्यासाठीच आहे. तुमच्या बाईसाहेब उठल्या की! म्हणाल्या, मग आमची बाई का मारलीत? ते म्हणाले, तिच्या मरणाशिवाय त्या मुलाला जाग कशी येणार?”

“मग?”

“मग बाईसाहेब म्हणाल्या, जागच आणायची तर गजराचं घड्याळ द्या त्याला.”

तिने घरी हे सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि तो पाव कापत बसला होता? त्याला आठवेना.

“तुम्हाला ठाऊक होतं, हे तिला ठाऊक होतं?”

“कोण जाणे,” थोरली म्हणाली. “आम्ही विचारलं नाही, ती बोलली नाही. पण रोज संध्याकाळी हात धुताना मी विचारायची, काय गं, धुणंवाली बरी आहे ना? ती म्हणायची, झकास आहे.”

त्याने खिशातला फर्मा काढून टेबलावर ठेवला. एकेकीने समासातले दोन शब्द बघितले आणि कागद पुढे सरकवला. थोरलीकडे पोचला तेव्हा तिने तो हाडाच्या पट्टीने एकदा सरळ केला, जसा तीन हजार वेळा केला होता तसाच.

“त्या दिवशी गोष्ट कुठवर आली होती?” त्याने विचारलं.

चष्मेवाली म्हणाली, “धुणंवाली ओल्या कपड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन फाटकाशी आली. मालकाचा मुलगा म्हणाला, गाठोडं मागच्या दाराने ने. तिने गाठोडं खाली ठेवलं, त्याच्या बुटांसमोरच. आणि ती त्याला म्हणाली... एवढंच.”

“का म्हणून, असं म्हणाली असेल,” तो म्हणाला.

“ते तर ती रोजच म्हणायची. हे काहीतरी दुसरं होतं. हसू आलं होतं तिला, सांगण्याआधीच.”

मग जिला जे सुचलं ते तिने सांगितलं. एकीची धुणंवाली फार शिव्या देत होती. एकीची लेखकासारखं भाषण करत होती, तिला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. साडेचारचा चहा आला आणि गेला. एकही वाक्य बसेना.

त्या आठवड्यात त्याने पुस्तकाची सगळी शिलाई उसवली. बारावा फर्मा परत जागेवर ठेवला. ते थोरलीने सांगितलं: लेखकाने लिहिलंय ते राहू दे, आणि तिने विचारलंय तेही राहू दे. एकोणिसाव्यानंतर त्याने कोऱ्या कागदाचा एक फर्मा घडी करून घातला. घडी वाकडी आली, थोरलीने ती परत घालायला लावली. त्या कागदाच्या पहिल्या ओळीत, त्याच्या मोठ्या, कष्टाने काढलेल्या अक्षरात, लिहिलं आहे: ‘धुणंवालीने गाठोडं खाली ठेवलं आणि ती त्याला म्हणाली.’

हात आता थरथरत नाही, म्हणून तो परत खाली मशीनवर गेला आहे. चहानंतर मात्र अर्धा तास वर जातो, बोट ठेवून वाचतो, आणि त्याच्या वाट्याचं कटिंग बाकीचे उरकतात. पट्टीसाहेब त्या वेळी दुसरीकडे बघतात.

ती काय म्हणाली, ते अजून ठरलेलं नाही. ते लिहून झाल्याशिवाय पुस्तक शिवता येत नाही. ते तसंच, सुटं, दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून ठेवलं आहे.